पायलटची विहीर

आबांनी त्या वर्षी पहिल्यांदा मोटर खोलली तेव्हा घरात कुणाला वाईट वाटलं नाही, उलट बरंच वाटलं. थंडी सरत आली होती. विहिरीवरची मोटर सुरू केली की आतून चिरका आवाज यायचा. आबांना तो ऐकू येणं शक्य नव्हतं, विमानांच्या इंजिनांजवळ आयुष्य काढल्यामुळे त्यांचे कान केव्हाच गेले होते. त्यांनी मोटरीच्या पाठीवर नुसता तळहात ठेवला, डोळे मिटले आणि "बेअरिंग" एवढंच म्हणाले. जेवणवेळेपर्यंत मोटर पुन्हा जागेवर बसली, आवाज गेला, आणि सासूबाई सुनेला म्हणाल्या की बघ, डोक्यातून गेलं असेल, पण हातातून नाही गेलं.

डोक्यातून जायला लागून बरेच दिवस झाले होते. आधी चष्मा, मग शेजाऱ्यांची नावं, मग आज वार कोणता. नंतर एकदा ते आंघोळ करून, बूट घासूनपुसून, शर्ट खोचून दारात उभे राहिले आणि गाडी का आली नाही म्हणून सुनेला विचारायला लागले. कसली गाडी, म्हणून तिने त्यांच्या कानाला तोंड लावून विचारलं. ड्यूटीची, म्हणाले.  ती तशीच मोठ्याने बोलली, की आबा, आज सुट्टी आहे. त्यांनी मान हलवली, बूट काढून जोडीने भिंतीला लावून ठेवले, आणि निमूटपणे खुर्चीत जाऊन बसले. त्या दिवसापासून त्या घरात रोजच सुट्टी असायची.

गाव त्यांना पायलट म्हणायचं. विमान त्यांनी कधीच चालवलं नव्हतं. मिसरूडही फुटलं नव्हतं तेव्हा ते घर सोडून हवाई दलात भरती झाले, आणि निवृत्त होईपर्यंत जमिनीवरच राहिले. इंजिनं उतरवायची, उघडायची, पुसायची, बसवायची, एवढंच त्यांचं काम. वर गेले ते मोजक्या वेळा, पोत्यांच्या आणि खोक्यांच्या मध्ये बसून, आणि दर वेळी उलटी झाली. हे ते स्वतःच हसून सांगायचे. सुरुवातीला कुणी पायलट म्हटलं की दुरुस्त करायचे. म्हणायचे, "मी मेकॅनिक. पायलट वर जायचे. मी खाली उभा राहून त्यांची वाट बघायचो." पण गावाने एकदा जिभेवर चढवलेलं नाव कुणाच्या सांगण्याने उतरत नाही. पुढे त्यांनी नाद सोडला.

त्यांच्या मुलाला मात्र ते नाव टोचायचं. शाळेत असताना त्याने वडिलांच्या विमानाच्या कहाण्या छाती फुगवून सांगितल्या होत्या, आणि वर्गातल्या कुणाच्या तरी मामाने खरं काय ते सांगून टाकल्यावर पुढची सगळी वर्षं पोरं त्याला पानाबहाद्दर म्हणायची, नट-बोल्टांवर पाने फिरवणाऱ्याचा पोरगा म्हणून. हे त्याने बायकोला लग्नानंतर पुष्कळ दिवसांनी सांगितलं होतं, तेही भिंतीकडे तोंड करून.

सुनेला सासऱ्यांचं ते पाने फिरवणंच आवडायचं. तिचे वडील ती लहान असतानाच गेलेले. ती या घरात आली तेव्हा पुरुष माणसासमोर कसं बसायचं, कसं बोलायचं हेच तिला उमगत नव्हतं. आबांनी तिला पहिल्याच महिन्यात स्कूटीवर बसवलं. रिकाम्या वावरात ते मागे धावायचे आणि ओरडायचे, बहिऱ्या माणसाचा आवाज मोठा असतो तसा, की पडलीस तरी चालेल, गाडी पडू देऊ नकोस. ती पडली. गाडीही पडली. मग दोघांनी मिळून वाकडा झालेला आरसा सरळ केला. नातीची वेणी तेच घालायचे. दोन्ही बाजूंच्या वेण्या अशा सारख्या, की फूटपट्टी लावावी. सासूबाई आजारी पडल्या होत्या तेव्हा त्यांचं उठवणं-बसवणं, धुणं-पुसणं त्यांनीच केलं, आणि सुनेला हात लावू दिला नाही. म्हणाले होते, की उमेदीची वर्षं मी हिच्याजवळ नव्हतो, आता हे माझं काम आहे.

आणि विहीर त्यांची. निवृत्त होऊन आले तेव्हा वाटणीत त्यांच्या नावावर वरच्या अंगाची खडकाळ जमीन निघाली. तिथे पाणी लागणार नाही असं सगळे म्हणाले. त्यांनी सुरुंग लावले, दोन उन्हाळे स्वतः खाली उतरून दगड भरले. हाताची कातडी सोलून निघाली. पाणी लागलं तेव्हा गावच त्या विहिरीला पायलटची विहीर म्हणायला लागलं, आणि ते म्हणताना मात्र कुणी हसत नव्हतं.

त्या उन्हाळ्यात त्या विहिरीने तळ गाठला.

मुलाने यंदा टोमॅटो लावला होता. रोपं चांगली आली, मांडवाच्या तारांना बांधून झाली, फुलं गळून बोराएवढी फळं धरली, आणि ऊन तापायला लागलं. वीज सकाळी यायची आणि दुपारच्या आत जायची. तेवढ्या वेळात विहिरीतलं पाणी उपसून ठिबकच्या नळ्यांना द्यायचं, मग मोटर हवा ओढायला लागली की बंद करायची, की दुसऱ्या दिवसापर्यंत झऱ्यांतून पुन्हा गुडघाभर जमायचं. दिवसाचं दिवसाला पुरत होतं. एक दिवस चुकला असता तर चालणार नव्हतं, हे तिघांनाही कळत होतं. त्यामुळे कुणी ते बोलून दाखवत नव्हतं.

मुलगा वाळला होता. पहाटेच वावरात जायचा, तारा ओढायचा, फवारणीचा पंप पाठीवर घेऊन फिरायचा, आणि घरी आल्यावर वडिलांनी चौथ्यांदा तोच प्रश्न विचारला की ताटावरून उठायचा. सून घरचं आवरून खुरपणीला जायची, तेव्हा आबांनाही बरोबर घेऊन जायची. मांडवाच्या कडेला सावलीत खुर्ची टाकून त्यांना बसवायची आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून लक्ष ठेवून काम करायची.

तरी एकदा ते निसटले. ती शोधत शोधत फाट्यावर गेली तर चहाच्या टपरीसमोर घोळका जमलेला. आबा रस्त्याच्या मधोमध उभे होते. दोन्ही हात वर, तळवे आत वळवलेले, आणि उतरलेल्या विमानाला जागेवर आणावं तसे सावकाश मागे-पुढे हलत होते. समोर ट्रॅक्टर होता. ट्रॅक्टरवाला त्यांचाच शेजारी. तो त्यांच्या इशाऱ्यावर ट्रॅक्टर फुटाफुटाने पुढे घेत होता, तोंडाने विमानाचा घरघराट काढत होता, आणि टपरीवरचे लोक पोट धरून हसत होते. आबांना हसणं ऐकू येत नव्हतं. त्यांचं सगळं लक्ष ट्रॅक्टरच्या चाकांवर होतं. त्यांनी हातांची फुली केली तेव्हा ट्रॅक्टरवाल्याने करकचून ब्रेक मारला आणि कडक सलाम ठोकला. आबांनी तितक्याच कडक हाताने उलट सलाम केला. पुन्हा हशा पिकला.

सुनेला वाटलं जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं.  पुढे जाऊन तिने त्यांचं मनगट धरलं. ते म्हणाले, की थांब, अजून दोन यायची आहेत. त्यांच्या कानाला तोंड लावून ती म्हणाली, की ती उतरली, आबा, दुसरीकडे उतरली. त्यांचा चेहरा एकदम सैल झाला. घरी येईपर्यंत ते तिचा हात धरून होते. हे तिने नवऱ्याला सांगितलं नाही. पण गावात सांगणारे कमी नसतात.

मोटर दुसऱ्यांदा खोलली ती त्यानंतर आठवड्याभराने.

त्या सकाळी नातीला ताप होता. सून तिच्या उशाशी बसली, सासूबाई गाईच्या मागे होत्या, मुलगा मांडवाच्या पलीकडच्या टोकाला तारा ताणत होता. वीज आली तसा तो स्टार्टरचं बटण दाबायला विहिरीवर गेला. त्याची आरोळी घरापर्यंत आली. सून धावली.

विहिरीच्या कट्ट्यावर जुनी चादर अंथरलेली होती. तिच्यावर मोटर होती, म्हणजे मोटरीचं जे जे काही होतं ते सगळं होतं. झाकण, पाणी उचलणारा पितळी पंखा, सील, बेअरिंग, चावी, वायसर, नट, बोल्ट. प्रत्येक वस्तू पुसलेली, आणि खोलताना जी जशी निघाली तशी रांगेत मांडलेली. उजवीकडून डावीकडे पहिली ओळ, मग तिच्याखाली दुसरी. चादरीला एक सुरकुती नव्हती. आबा उकिडवे बसले होते, हाताला काळं वंगण, आणि त्या रांगेकडे बघत होते. पहिला बोल्ट उचलायचे, डोळ्यांजवळ न्यायचे, आणि पुन्हा होता तिथेच ठेवायचे. पुन्हा उचलायचे. पुढे काय करायचं ते त्यांना आठवत नव्हतं.

मुलगा त्यांच्या डोक्यावर उभा राहून ओरडत होता, की वीज आलीय, पाणी द्यायचंय, तुम्हाला कुणी सांगितलं होतं हात लावायला. त्यांना ते ऐकू येत नव्हतं. त्याने खांदा धरून हलवलं. आबांनी वर पाहिलं आणि आपल्या हाताखालच्या माणसाला सांगावं तसं शांतपणे सांगितलं, "पाय लागू देऊ नकोस."

सून म्हणाली, "अहो, राहू द्या. मेकॅनिकला बोलवू. रांगेत आहे सगळं, तो बसवेल."

तो ऐकण्याच्या पलीकडे गेला होता. त्याने खाली वाकून चादरीचं टोक मुठीत धरलं आणि ओढलं. जोरात ओढलं. सगळं लोखंड खणखणत उधळलं. झाकण कट्ट्यावर आपटून फिरत राहिलं, नट-बोल्ट धुळीत पांगले, आणि पितळी पंखा कडेवर एक क्षण उभा राहून आत गेला. खाली दगडावर आपटल्याचा आवाज आला, मग पाण्याचा.

 मुलाच्या हातात चादरीचं टोक होतं आणि तोंड उघडं राहिलं होतं. आबा हळूहळू गुडघ्यांवर आले आणि धुळीतून एकेक वस्तू गोळा करायला लागले. सून त्यांच्याबरोबर बसली. सासूबाई आल्या, त्याही बसल्या. शेवटी मुलगाही बसला. चौघं जण रणरणत्या उन्हात माती चाळत होते, आणि दुपार व्हायच्या आधीच वीज गेली.

पंखा मुलाने खाली उतरून काढला. त्याची दोन पाती फुटली होती. तालुक्याच्या मेकॅनिकने तो हातात घेतला आणि तोंड वाकडं केलं. ही मोटर बनवणारी कंपनी कधीच बंद पडली होती. नवा पंखा लेथवर घडवून घ्यावा लागेल, म्हणाला, आणि लेथवाल्याकडे सगळ्या तालुक्याची कामं पडली आहेत, कारण सगळ्यांच्याच मोटरी गाळ ओढून मेल्या आहेत. पिकाचं सांगितलं तर म्हणाला, की इथे बसलेला प्रत्येक जण पिकाचंच सांगतो.

सून ट्रॅक्टरवाल्याकडे गेली. त्याची बोअर आटली होती, त्यामुळे त्याची मोटर रिकामी पडून होती. चार दिवस द्या, म्हणून तिने मान खाली घालून विचारलं. तो नाही म्हणाला असं नाही. तो म्हणाला, की आमची साधी मोटर तुम्हाला काय पुरणार, तुमच्याकडे तर विमानाचं इंजिन असेल. त्याची बायको आतून हसली. मग तो म्हणाला, की द्यायला हरकत नाही, पण पायलटने तीही खोलली तर भरून कोण देणार. सून वळली. तिच्या मागून त्याने हाक मारली होती की अहो, गंमत केली. पण ती थांबली नाही, आणि नंतर कितीतरी दिवस तिला वाटत राहिलं की थांबायला हवं होतं. मान गेलाच होता, निदान मोटर तरी मिळाली असती.

मग त्यांनी हाताने पाणी दिलं. मुलगा विहिरीच्या तळाशी उतरून बादली भरायचा, सासूबाई आणि सून वरून दोर ओढायच्या. दोर ओला, तळहात भाजलेले. भरलेली बादली घेऊन सून सऱ्यांमधून चालायची आणि तांब्या-तांब्याने रोपाच्या बुडाशी पाणी ओतायची. माती चर्रकन पिऊन टाकायची आणि वर काही दिसायचं नाही. एका ओळीचं होईतो तिचा श्वास लागायचा. मांडवात किती ओळी होत्या हे तिला आधी कधी जाणवलं नव्हतं. पहिल्या दिवशी त्यांनी अर्ध्याहून कमी मांडव भिजवला. दुसऱ्या दिवशी त्याहून कमी. सासूबाईंना भोवळ आली तशी त्यांना घरी बसवलं. पानं आधी दुपारची मान टाकायची आणि संध्याकाळी उचलायची. मग त्यांनी उचलणं सोडून दिलं. फळांच्या बुडाला काळे डाग पडले, मग ती सुरकुतली. मुलगा एका सरीत खाली बसला आणि बादली उपडी करून तिच्यावर कोपरं टेकून राहिला. सुनेने जवळ जाऊन उठा म्हटलं नाही.

आबा या सगळ्यात विहिरीच्या कट्ट्यावरून हलत नव्हते. गोळा केलेल्या वस्तू त्यांनी पुन्हा चादरीवर मांडल्या होत्या, आणि आता त्यांच्या मनाने एकच गोष्ट घट्ट धरली होती. एक वायसर कमी आहे. ते सगळ्यांना थांबवून सांगायचे. सुनेला, सासूबाईंना, रस्त्याने जाणाऱ्या माणसाला. सुनेने पडवीतल्या डब्यातून तसाच एक वायसर आणून त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी तो अंगठ्याने चाचपला, तिच्याकडे दयेने पाहिलं आणि परत दिला.

"हा आपला नाही," म्हणाले. "आपला आत राहिलाय. विमान सोडू नका. पोरं आहेत त्यात."

ते ऐकून ती स्टार्टरच्या शेडच्या मागे जाऊन रडली. नवऱ्याला तिने हेही सांगितलं नाही.

पीक गेलं हे कळल्यावर विहिरीवर जायचं कुणाला कारण उरलं नाही. सगळेच त्या दुपारी घरात पडले होते. अंग ठणकत होतं, सुनेचा डोळा लागला. जागी झाली तेव्हा आबांची खाट रिकामी होती. बूट जागेवर नव्हते.

ते विहिरीच्या तळाशी सापडले. अर्ध्यापर्यंत पायऱ्या होत्या, त्याखाली खडकात रोवलेल्या लोखंडी कड्या. त्या वयात, त्या उन्हात ते कड्यांवरून उतरले कसे, हे शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही. गुडघाभर गाळात ते ओणवे होते आणि दोन्ही हातांनी तळ चाचपत होते. सुनेने वरून हाका मारल्या. तिला ठाऊक होतं की त्यांना ऐकू जाणार नाही, तरी मारल्या. मुलगा खाली उतरला. त्याने हात धरला तर त्यांनी झटकला. त्याने उचलायला बघितलं तर ते खडकाला धरून बसले. शेवटी फाट्यावरची माणसं बोलवावी लागली. त्यांच्या छातीखालून दोर बांधला, आणि त्यांना वर ओढलं. वर येताना त्यांचा शर्ट गळ्यापर्यंत सरकला, पँट गाळाने ओघळून खाली आली, आणि म्हातारं पांढरं अंग सगळ्यांसमोर उघडं पडलं. त्यांना ते कळलं. डोक्यातून इतकं काही गेलं होतं, पण हे कळलं. दोराने अडकलेले हात खाली नेऊन ते अंग झाकायला बघत होते. या वेळी कुणी हसलं नाही. ट्रॅक्टरवाल्याने आपला टॉवेल काढून त्यांच्या कमरेला गुंडाळला आणि मान वळवली.

मुलगा खालीच राहिला होता. सगळे गेले तरी तो बराच वेळ वर आला नाही. सुनेने वाकून पाहिलं. तो गाळात हात घालून शोधत होता.

आबांच्या छातीत पाणी झालं. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं, सुया दिल्या, आणि सासूबाईंना बाजूला घेऊन सांगितलं की घरी न्या, तिथे बरं वाटेल त्यांना. घरी ते ओसरीवरच्या खाटेवर पडून राहिले. श्वास घेताना घरघर वाजायची. सासूबाई त्यांचे तळपाय चोळत बसायच्या. सून चमच्याने पाणी पाजायची. नात येऊन खाटेच्या कडेला पाठ करून बसली, वेणी घालून घ्यायला. त्यांची बोटं केसांत गेली, तीन पदर वेगळे केले, आणि तिथेच थांबली. ती पोर तशीच बसून राहिली, केस न ओढता, हलकेच.

लेथवाल्याचा निरोप आला की पंखा झाला आहे. आता त्याचा उपयोग नव्हता. तरी मुलगा तो आणायला गेला. घरात बसवत नव्हतं म्हणून गेला असेल. दुपारी वारा पडला होता. सून ओल्या फडक्याने आबांची बोटं पुसत होती. नखांतलं वंगण अजून निघालं नव्हतं. त्यांची चिमूट हवेत फिरत होती, काहीतरी आवळत असल्यासारखी. मग आवळून झाल्यासारखी थांबली. सासूबाईंनी पायावरचा हात काढला नाही. त्या फक्त म्हणाल्या, की पोरी, बघ गं. सुनेने पाहिलं.

मुलगा परत आला तेव्हा अंगणात माणसं होती. तो नव्या पितळी पंख्याची पिशवी हातात घेऊन दारातच उभा राहिला. ती पिशवी कुणीतरी त्याच्या हातातून काढून घेतली.

पुढच्या आठवड्यात शाळेच्या पटांगणात शोकसभा झाली. सरपंच बोलले. आपल्या गावाच्या या सुपुत्राने आकाशात शत्रूचा थरकाप उडवला, म्हणाले. ट्रॅक्टरवालाही बोलला, की लहानपणी आम्ही वर विमान दिसलं की म्हणायचो, पायलटकाका चालले. बोलताना त्याने खांद्यावरचा टॉवेल डोळ्यांना लावला, आणि सुनेला दिसलं की ते खोटं नव्हतं. टाळ्या झाल्या. मुलगा पहिल्या ओळीत बसला होता. त्याला दोन शब्द बोलायला सांगितलं. तो उठला, आणि म्हणाला की माझे वडील विमान चालवायचे. एवढं बोलून तो बसला.

सभा संपल्यावर एक उंच म्हातारा घरी आला. लांबून आला होता, काठी घेऊन. आबांबरोबर एका तुकडीत होता, पुढे वॉरंट ऑफिसर होऊन निवृत्त झाला. त्याचेही कान गेलेले, त्यामुळे त्याच्याशी ओरडूनच बोलावं लागत होतं. त्याने चहा घेतला. सरपंचाच्या भाषणाबद्दल तो काही बोलला नाही. सासूबाईंना म्हणाला, "वहिनी, आमच्यात पायलट लोक विमानात बसण्याआधी विचारायचे, आज कुणी तपासलंय. यांचं नाव ऐकलं की पुढे काही विचारायचे नाहीत. एवढंच सांगायला आलो."

सासूबाईंनी मान हलवली. बराच वेळ त्या मान हलवत राहिल्या.

मग त्याने मुलाकडे वळून विचारलं, की शेवटी फार त्रास झाला का.

मुलाने आईकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. मग म्हाताऱ्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने तो ओरडला, "नाही. झोपेत गेले. शांत."

शेजारच्या दोन घरांना ऐकू गेलं असेल. "बरं झालं," म्हातारा म्हणाला. "तसंच जायला हवं होतं त्याने." सुनेने त्याचा रिकामा कप उचलला. आता खरं काय ते आपल्या तोंडून कधीच निघणार नाही, हे तिला तो विसळताना कळलं.

जाताना म्हाताऱ्याने वाळलेला मांडव पाहिला. कुणाला काही विचारलं नाही. पण महिन्याभरात त्याच्या ओळखीने मुलाला काम लागलं. दूरच्या शहरात, एका मोठ्या गोदामावर पहारेकरी. राहायला खोली, अंगावर गणवेश. माजी सैनिकाचा मुलगा म्हणून घेतलं होतं. नको म्हणायला काही उरलं नव्हतं. विहिरीत आता बादलीही बुडत नव्हती.

तो निघाला त्या सकाळी फार बोलणं झालं नाही. त्याने गाईच्या पाठीवरून हात फिरवला, पोरीला उचलून घेतलं आणि खाली ठेवलं. बायकोला म्हणाला, की मांडवाच्या तारा काढून ठेव, गंजतील. ती बरं म्हणाली. फाट्यावर एसटी आली, तो चढला, खिडकीची जागा मिळाली नाही म्हणून दिसलाही नाही.

दुपारी सून मांडवात तारा सोडवत होती. वाळकी रोपं तारेला लटकली होती, हात लावला की चुरा व्हायची. सासूबाई सरीत बसून सुतळीच्या गाठी सोडवत होत्या. नात बांधाबांधाने येऊन आजीजवळ उभी राहिली आणि तिने विचारलं की बाबा कधी येणार.

 सून तार तशीच धरून थांबली.

"सुट्टी मिळाली की येईल," सासूबाई म्हणाल्या. मान वर न करता, हातातली गाठ न सोडता, अडखळणं नाही की थांबणं नाही. मुलगा एवढा होता तेव्हा वर्षानुवर्षं त्याला हेच सांगितलेलं असावं, इतकं सहज म्हणाल्या की सुनेने वळून त्यांच्याकडे पाहिलं. सासूबाईंच्या ते ध्यानातही आलं नव्हतं. त्यांनी गाठ सोडवली, सुतळी बाजूला ठेवली आणि दुसरी घेतली.